मस्टेलिड प्राण्यांतील पर्णकृमिबाधा : संशोधनाचा इतिहास

मांसाहारी गणातील मस्टेलिडी या कुलात वीझल, स्टोट, पोलकॅट, मिंक, मार्टेन, बॅजर, पाणमांजर इ. प्राण्यांचा समावेश होतो. या रानटी प्राण्यांच्या फुप्फुसांत, कवटीतील पोकळ्यांत, पित्तमार्गात व आतड्यात निरनिराळ्या जातींचे पर्णकृमी राहतात. त्यांच्यामुळे होणाऱ्या बाधेचा पद्धतशीर अभ्यास एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सुरू झाला. या कुलातील प्राण्यांपैकी मराठी वाचकाच्या परिचयाचा प्राणी म्हणजे पाणमांजर (ऊद) होय. वीझलची ओळख आपल्याकडे बहुधा ‘मुंगसासारखा प्राणी’ अशी करून दिली जाते. दोहोंचे बाह्य रूप काहीसे जुळते हे खरे. परंतु मुंगूस हा वेगळ्या कुलातील प्राणी आहे. हा भेद येथे लक्षात ठेवणे आवश्यक आहे, कारण पुढील वृत्तांतात मुंगसाचाही एकदा संबंध येतो.

पर्णकृमी हे पृथुकृमी संघाच्या ट्रिमॅटोडा वर्गातील जीवोपजीवी प्राणी होत. त्यांचे शरीर सामान्यतः पानासारखे चपटे असून त्यावर चिकटून राहण्यासाठी चूषक असतात. बहुतेक जाती उभयलिंगी असतात. त्यांचे जीवनचक्र गुंतागुंतीचे असून ते एका प्राण्यात पूर्ण होत नाही. अंडी पाण्यात पडली की त्यांतून पक्ष्माभिकायुक्त डिंभ बाहेर येतो व विशिष्ट जातीच्या गोगलगायीच्या शरीरात शिरतो. काही जातींत गोगलगायीनेच अंडे खाल्ल्यावर डिंभ तिच्या शरीरात बाहेर पडतो. तेथे अलैंगिक रीतीने त्याची संख्या अनेक पटींनी वाढते. गोगलगायीतून निघालेले शेपटीयुक्त डिंभ मासा, बेडूक, खेकडा यांसारख्या दुसऱ्या मध्यस्थ पोषकात शिरून स्वतःभोवती पुटी निर्माण करतात. हा दुसरा पोषक एखाद्या मांसाहारी प्राण्याने खाल्ला म्हणजे पुटी फुटून कृमी मोकळा होतो व त्या अंतिम पोषकाच्या शरीरात प्रौढावस्था गाठतो. पाण्याच्या काठाने भक्ष्य शोधणारे मिंक, पोलकॅट व पाणमांजर यांच्यात ही बाधा विशेष आढळते, त्याचे कारण त्यांच्या आहारात आहे.

वीझल कुलातील बहुतेक प्राणी लाजरे व निशाचर आहेत. जिवंत प्राण्याच्या फुप्फुसात किंवा कवटीत काय चालले आहे हे रानात पाहता येत नाही. त्यामुळे या विषयाचे जवळजवळ सर्व ज्ञान मृत देहांवर उभे राहिले आहे. ते देह कोणी, कशासाठी आणि कोठे मिळविले यावर संशोधकांना काय दिसले व काय नजरेआड राहिले हे ठरत गेले. प्रथम ते निसर्गसंग्राहकाच्या बंदुकीने मिळाले, नंतर प्राणिसंग्रहालयातून, त्यानंतर कातड्याच्या व्यापारातून आणि अलीकडे मोटाररस्त्यांवरून. या विषयाच्या इतिहासाचे टप्पे बऱ्याच अंशी हेच आहेत.

ऑस्ट्रियन निसर्गसंशोधक योहान नाटरर (१७८७–१८४३) हे १८१७ मध्ये ब्राझीलला गेले व १८३५ पर्यंत तेथे राहिले. पक्षी व सस्तन प्राणी यांचे नमुने व्हिएन्नाला पाठविणे हे त्यांचे मुख्य काम होते. परंतु व्हिएन्नाच्या राजसंग्रहालयात त्या काळी ब्रेमझर यांच्या देखरेखीखाली कृमींचा मोठा संग्रह तयार होत होता आणि मारलेल्या प्राण्याचे कातडे काढल्यावर त्याची आतडी, यकृत व फुप्फुसे तपासून कृमी गोळा करण्याची शिस्त तेथील संशोधकांच्या अंगी बाणलेली होती. नाटरर यांनी पाठविलेल्या कृमींच्या बाटल्यांची संख्या सतराशेहून अधिक होती. सामान्य संग्राहकाने जे फेकून दिले असते ते त्यांनी जपून ठेवले, हे त्यांचे वैशिष्ट्य मानावे लागते. १८२८ मध्ये मातो ग्रोसो प्रदेशात एका पाणमांजराच्या फुप्फुसांत त्यांना पर्णकृमी सापडले. या नमुन्यांचे वर्णन व्हिएन्नाचेच कार्ल मोरित्स डीझिंग (१८००–६७) यांनी १८५० मध्ये प्रसिद्ध केले व त्यांना ‘डिस्टोमा रूडे’ असे नाव दिले. ही जाती पुढे पॅरॅगोनिमस या फुप्फुस पर्णकृमींच्या प्रजातीत घालण्यात आली. म्हणजे माणसाच्या फुप्फुसांत हे कृमी दिसण्यापूर्वी सु. पन्नास वर्षे ते दक्षिण अमेरिकेतील एका पाणमांजरात दिसले होते. मात्र मूळ वर्णन त्रोटक असल्याने या जातीचे वर्गीकरणातील स्थान आजही संदिग्ध मानले जाते.

याच काळात जर्मनीत दुसरा धागा सुरू झाला. फ्रीड्रिख सिगिसमुंड लॉइकार्ट (१७९४–१८४३) यांनी १८४२ मध्ये पोलकॅटच्या कवटीतील नासाकोटरांत आढळणाऱ्या दोन निरनिराळ्या कृमींची नोंद केली. सुप्रसिद्ध कृमिशास्त्रज्ञ रुडोल्फ लॉइकार्ट यांचे हे चुलते होत. त्यांनी नोंदविलेल्या कृमींपैकी एक पर्णकृमी असून त्यास आता ट्रोग्लोट्रेमा ॲक्यूटम म्हणतात. दुसरा गोलकृमी असून त्याचे आजचे नाव स्क्रिआबिंगिलस नासिकोला असे आहे. ट्रोग्लोट्रेमा ही प्रजाती ओढनेर यांनी १९१४ मध्ये स्थापिली. नावातील पूर्वपदाचा अर्थ ‘गुहा’ असा असून कवटीतील पोकळीत दडून राहणाऱ्या कृमीला ते चपखल बसते.

या दोन कृमींनी पुढील अभ्यासकांना बराच काळ गोंधळात टाकले. दोन्ही कपाळाच्या हाडामागील पोकळीत राहतात, दोन्हींमुळे हाड झिजते, फुगते किंवा त्याला भोके पडतात आणि दोन्ही एकाच प्राण्यात एकत्रही आढळतात. सामान्यतः पर्णकृमीमुळे हाडाला बारीक चाळणीसारखी छिद्रे पडतात, तर गोलकृमीमुळे हाड फुगून वेडेवाकडे होते. केवळ कवटी हाती असेल, तर कोणता कृमी कारणीभूत होता हे ठरविताना सावधगिरी बाळगावी लागते. असे असले तरी या बाधेला एक गोष्ट अनुकूल ठरली. संग्रहालये प्राण्याचे कातडे व कवटी जतन करतात. फुप्फुसे, यकृत व पित्ताशय टाकून दिले जातात. त्यामुळे शंभर वर्षांपूर्वी मारलेल्या पोलकॅटची कवटी आजही कपाटातून काढून तिच्यावरील खुणा वाचता येतात. फुप्फुस व पित्तमार्गातील पर्णकृमींबाबत असा पुरावा मागे उरत नाही. जुन्या काळी ट्रोग्लोट्रेमाची बाधा इतर बाधांपेक्षा अधिक प्रमाणात नोंदली गेली, त्याचे एक कारण हे आहे. ती खरोखरच अधिक होती असे त्यावरून म्हणता येत नाही.

फुप्फुस पर्णकृमींच्या इतिहासातील पुढचा टप्पा यूरोपातील प्राणिसंग्रहालयांत घडला व त्याचा भारताशी थेट संबंध आहे. कॉबल्ड यांनी १८५९ मध्ये लंडनमध्ये एका भारतीय मुंगसाच्या फुप्फुसातील पर्णकृमीचे वर्णन केले. १८७८ मध्ये केर्बर्ट यांनी ॲम्स्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या बंगाली वाघाच्या फुप्फुसांतून मिळालेल्या कृमीला तेथील संचालक वेस्टरमान यांच्या सन्मानार्थ नाव दिले. पॅरॅगोनिमस वेस्टरमानी हे आज जगभर परिचित असलेले नाव त्यातूनच आले. दुसऱ्याच वर्षी, १८७९ मध्ये, फॉर्मोसा (तैवान) बेटावरील तामसुई येथे रिंगर यांना एका पोर्तुगीज माणसाच्या शवविच्छेदनात फुप्फुसामध्ये असाच कृमी आढळला. १८८० मध्ये पॅट्रिक मॅन्सन यांना चीनमधील अमॉय येथे रक्तमिश्रित थुंकीत या कृमीची अंडी दिसली. त्याच वर्षी बेल्झ यांनीही जपानमध्ये ती पाहिली; मात्र प्रथम ती अंडी आहेत हे त्यांच्या ध्यानात आले नाही. या कृमीला गोगलगाय मध्यस्थ असावी हा मॅन्सन यांचा तर्क पुढे खरा ठरला. पॅरॅगोनिमस ही प्रजाती मॅक्स ब्राऊन यांनी १८९९ मध्ये स्थापिली.

या शोधांमुळे फुप्फुस पर्णकृमी हा वैद्यकाचा विषय झाला आणि रानटी प्राणी काही काळ मागे पडले. पूर्व आशियात खोकल्यावाटे रक्त पडणारे रुग्ण पुष्कळ होते व त्यांची गणना क्षयरोग्यांत होत असे. हा कृमी माणसात येतो कोठून, हा प्रश्न निकडीचा होता. नाकागावा यांनी तैवानमध्ये १९१४ च्या सुमारास त्याचे उत्तर शोधले. डोंगरी ओढ्यांतील खेकड्यांच्या शरीरात त्यांना या कृमीच्या पुटी आढळल्या आणि असे खेकडे खाऊ घातलेल्या प्राण्यांत फुप्फुस पर्णकृमी वाढले. खेकडा कच्चा, अर्धवट शिजवलेला किंवा केवळ मद्यात वा मिठात मुरवून खाल्ला, तर पुटी जिवंत राहतात. आतड्यात पुटीतून सुटलेला लहान कृमी आतड्याची भित्ती भेदून उदरगुहेत येतो, मध्यपटल ओलांडतो व फुप्फुसात शिरतो. तेथे बहुधा दोन कृमी एका पोकळीत एकत्र राहतात व त्यांच्याभोवती पोषकाचे ऊतक जाड कोश निर्माण करते. अंडी श्वासनलिकेतून वर येतात. ती थुंकीवाटे किंवा गिळली गेल्यास विष्ठेवाटे बाहेर पडतात.

जीवनचक्राची ही साखळी कळल्यावर रानटी प्राण्यांकडे पुन्हा लक्ष जाणे अपरिहार्य होते, कारण जेथे कच्चा खेकडा खाण्याची प्रथा नाही तेथेही कृमी टिकून होता. उत्तर अमेरिकेत हे सर्वांत स्पष्ट दिसले. १८९४ मध्ये मिशिगनमधील ॲन आर्बर येथे वॉर्ड यांना मांजराच्या, तर ओहायओमध्ये केलिकॉट यांना कुत्र्याच्या फुप्फुसांत असे कृमी आढळले होते. ही जाती आशियातील जातीहून निराळी असल्याचे ठरवून वॉर्ड यांनी १९०८ मध्ये तिला पॅ. केलिकोटाय असे नाव दिले. पण मांजर व कुत्रा हे तिचे नित्याचे पोषक नव्हते. ते वाटेत सापडलेले होते. नित्याचा पोषक कोणता हे १९३० नंतरच्या काही वर्षांत मिशिगन विद्यापीठाच्या डॉनल्ड अमील यांच्या संशोधनातून स्पष्ट झाले. तो म्हणजे मिंक. पोमॅटिऑप्सिस ही ओलसर काठावर राहणारी लहान गोगलगाय पहिली मध्यस्थ आणि क्रेफिश (गोड्या पाण्यातील शेवंडासारखा प्राणी) दुसरा मध्यस्थ असल्याचे अमील यांनी दाखविले. क्रेफिशमध्ये या कृमीच्या पुटी मुख्यतः हृदयाच्या आसपास असतात. अमील यांचा सविस्तर प्रबंध १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला व या विषयातील तो पायाभूत ग्रंथ मानला जातो.

त्याच विद्यापीठात त्याच सुमारास बोस्मा यांनी वीझल व मिंक यांच्या आतड्यातील ॲलेरिया मस्टेली या पर्णकृमीचे १९३१ मध्ये वर्णन केले. गोगलगाय, बेडकाचा बालजीव, लहान सस्तन प्राणी व शेवटी वीझल किंवा मिंक असे चार पोषक या कृमीला लागू शकतात. तोवर पर्णकृमींना दोन किंवा तीन पोषक पुरतात अशी समजूत असल्याने हा शोध लक्षवेधी ठरला. तथापि अमील यांच्या कामाइतका त्याचा पुढे विस्तार झाला नाही.

अमेरिकेतील अभ्यासाला कातड्याच्या व्यापाराची मोठी मदत झाली. मिंकचे लोकरीसारखे मऊ कातडे मौल्यवान असल्याने सापळे लावून त्याची शिकार होई. सापळेवाल्यांना कातडे हवे असे; सोललेले धड त्यांच्या दृष्टीने निरुपयोगी होते. ही धडे हाती आल्यावर संशोधकांना एकेका प्रदेशातून मोठ्या संख्येने फुप्फुसे तपासता आली. कॅनडातील नैर्ऋत्य आँटॅरिओमध्ये रॅम्झडेन व प्रेसिडेंटी यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेला रानटी मांसाहारी प्राण्यांचा अभ्यास या परंपरेतील होय. मात्र या साधनाला मर्यादाही आहेत. सापळ्यांचा हंगाम केस दाट होण्याच्या थंडीच्या दिवसांत असतो, त्यामुळे वर्षाच्या इतर काळातील स्थिती कळत नाही. शिवाय सापळ्यात येतो तो भक्ष्यासाठी हिंडू शकणारा प्राणी. बाधेने जर्जर होऊन बिळात मेलेला मिंक मोजणीत येत नाही. ‘मिंकला या कृमीचा फारसा त्रास होत नाही’ असे विधान अनेक पुस्तकांत आढळते. फुप्फुसात कोश असूनही पुष्कळ मिंक धष्टपुष्ट असतात हे खरे असले, तरी ते विधान या पुराव्याच्या मर्यादेत राहूनच वाचले पाहिजे.

जपानमध्ये वीझलनेच एका नव्या रोगाची वार्ता दिली. मियाझाकी इचिरो यांनी १९३९ मध्ये पॅ. ओहिराय ही जाती वर्णिली. ती खाडीमुखाच्या मचूळ पाण्यातील खेकड्यांमार्फत पसरते व वीझल हा तिच्या पोषकांपैकी एक आहे. त्यानंतर १९६१ मध्ये कामो व त्यांचे सहकारी यांनी पॅ. मियाझाकीय या जातीची नोंद केली. डोंगरी ओढ्यांतील सावागानी हा लहान खेकडा तिचा मध्यस्थ आणि वीझल, मार्टेन यांसारखे प्राणी तिचे अंतिम पोषक होत. तेव्हा ती केवळ प्राण्यांची बाधा समजली जात होती. १९७० नंतरच्या दशकात तिचे रुग्ण माणसांत आढळू लागले. माणूस हा या कृमीला पूर्णतः अनुकूल नसल्याने तो बहुधा प्रौढ होत नाही. फुप्फुसावरणाच्या पोकळीत भटकत राहतो व तेथे पाणी किंवा हवा साठते. थुंकीत अंडी सापडत नाहीत, म्हणून नेहमीच्या तपासणीत निदान हुकते. वीझलच्या फुप्फुसांचे वर्णन आधीच झालेले नसते, तर या रुग्णांचे कोडे उलगडण्यास अधिक काळ लागला असता. १९९९ मध्ये आनुवंशिक द्रव्याच्या तुलनेवरून ही जाती चीनमधील पॅ. स्क्रिआबिनी हिची उपजाती असल्याचे मत पुढे आले.

अमेरिकेतही असाच क्रम दिसला. मिंकमध्ये पॅ. केलिकोटाय सर्रास असूनही माणसातील स्थानिक रुग्ण अपवादात्मक मानले जात. जुलै २००६ ते सप्टेंबर २०१० या काळात एकट्या मिसूरी राज्यात नऊ रुग्णांची नोंद झाली. हे सर्व क्रेफिश कच्चे किंवा अपुरे शिजलेले खाल्लेले लोक होते व त्यांतील बहुतेकांनी ते नदीवरील नौकाविहार वा तळ ठोकण्याच्या प्रसंगी खाल्ले होते. भारतात मणिपूरमधील मानवी रुग्णांकडे १९८० नंतरच्या दशकात लक्ष वेधले गेले; तेथे व शेजारच्या नागालँड, अरुणाचल प्रदेश या राज्यांत खेकड्यांतून येणारी ही बाधा क्षयरोग समजून उपचार झाल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात आहेत. ईशान्य भारतात आढळणारी प्रमुख जाती पॅ. हेटरोट्रेमस ही आहे. प्राझिक्वांटेल या औषधाने माणसातील बाधा बरी होते. परंतु रानटी प्राण्यांत कृमी कायम असेपर्यंत ओढ्यातील खेकड्यांना बाधा होतच राहते. माणसांवर कितीही उपचार केले तरी चक्र थांबत नाही. आणि ते थांबविण्यासाठी मिंक वा वीझल मारणे हा उपायही नव्हे, कारण त्यांची जागा घेणारे इतर मांसाहारी प्राणी आहेतच. प्रतिबंधाचा व्यवहार्य मार्ग स्वयंपाकघरातून जातो : खेकडे व क्रेफिश पूर्ण शिजवून खाणे.

पोलकॅटच्या कवटीतील कृमीचे जीवनचक्र मात्र लॉइकार्ट यांच्या नोंदीनंतर तब्बल १३६ वर्षे अज्ञात राहिले. माणसाला या कृमीपासून उपद्रव नसल्याने त्यामागे कोणी लागले नाही, असे म्हणणे अयोग्य होणार नाही. १९७८ मध्ये हॅम्बर्गचे हान्स फोगेल व त्यांचे सहकारी फोल्कर यांनी ते उलगडले. थंड, स्वच्छ झऱ्यांत राहणारी बिथिनेला ही काही मिलिमीटर लांबीची गोगलगाय पहिली मध्यस्थ व बेडूक दुसरा मध्यस्थ असल्याचे त्यांनी दाखविले. पोलकॅटच्या आहारात बेडकांना मोठे स्थान आहे. ही बाधा यूरोपच्या काही डोंगराळ भागांतच का आढळते, या जुन्या प्रश्नाचा खुलासाही त्यातून झाला : जेथे असे झरे व ही गोगलगाय आहे तेथेच हे चक्र चालू शकते.

अलीकडच्या काळातील सर्वांत उद्बोधक प्रकरण ब्रिटनमधील पाणमांजरांचे आहे. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून तेथे पाणमांजरांची संख्या झपाट्याने घटली. डील्ड्रिनसारखी कीटकनाशके हे तिचे प्रमुख कारण मानले जाते. ही द्रव्ये बंद झाल्यावर व १९७८ मध्ये इंग्लंडमध्ये पाणमांजराला कायद्याचे संरक्षण मिळाल्यावर ती हळूहळू परतली. संख्या वाढली तशी रस्त्यांवर वाहनांखाली मरणाऱ्यांचीही वाढली. हे मृत देह गोळा करून त्यांची शवपरीक्षा करण्याची व्यवस्था झाली; कार्डिफ विद्यापीठाचा या कामाचा प्रकल्प १९९२ पासून चालू आहे. २००५ मध्ये सिम्पसन व त्यांचे सहकारी यांनी नैर्ऋत्य इंग्लंडमधील पाणमांजरे व मिंक यांच्या पित्ताशयाचा दाह स्यूडॅम्फिस्टोमम ट्रंकॅटम या पर्णकृमीमुळे झाल्याचे जाहीर केले. बाधित पित्ताशयाची भित्ती जाड होते व पित्तनलिकांभोवती व्रणऊतक साठते. कृमी नवा नव्हता. रुडोल्फी यांनी १८१९ मध्येच त्याचे वर्णन केले होते व मुख्य यूरोपात तो परिचित होता. ब्रिटनमधील पाणमांजरांत मात्र तो पूर्वी नोंदलेला नव्हता. त्याच गटातील मेटॉर्किस बिलिस हा दुसरा पर्णकृमीही पुढे तेथे आढळला.

हे कृमी कार्प कुलातील माशांमधून पाणमांजरात येतात. त्यामुळे मुख्य यूरोपातून आणून सोडलेल्या लहान माशांबरोबर ते ब्रिटनमध्ये शिरले असावेत, हा तर्क प्रथम पुढे आला व तो पटण्याजोगाही होता. परंतु त्यात एक उणीव होती. कृमी पूर्वी ‘नव्हता’ असे म्हणण्यासाठी पूर्वीची पित्ताशये तपासलेली असावी लागतात. ज्या दशकांत पाणमांजरेच दुर्मिळ होती त्या दशकांतील तपासलेले देह मोजकेच होते. पुढे ब्रिटनसह यूरोपातील अनेक देशांतील पाणमांजरे व मिंक यांच्यातील कृमींची आनुवंशिक तुलना शेरार्ड-स्मिथ व त्यांचे सहकारी यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केली. दोन्ही जाती यूरोपात दूरवर पसरलेल्या आढळल्या, पण सर्वत्र सारख्या प्रमाणात नव्हे. स्कॉटलंडमधून तपासलेल्या प्राण्यांत स्यूडॅम्फिस्टोमम मिळाला नाही. ब्रिटनमधील दोन जातींचा आनुवंशिक वैविध्याचा आकृतिबंधही एकसारखा नाही. दोन्ही कृमी एकाच वेळी, एकाच मार्गाने आले असे सरळ चित्र यातून उभे राहत नाही.

रस्त्यावर मेलेल्या प्राण्याचा पुरावाही सापळ्यातील मिंकप्रमाणेच एकांगी असतो. वाहनाखाली येतो तो हिंडता-फिरता प्राणी. आजाराने खंगलेले पाणमांजर बहुधा काठावरील बिळात मरते व कोणाच्या हाती लागत नाही. तरीही एक फरक महत्त्वाचा आहे. नाटरर यांच्या पाणमांजरापासून सापळ्यातील मिंकपर्यंतचे देह ज्या त्या वेळच्या तपासणीनंतर नष्ट झाले. कार्डिफच्या संग्रहात ऊतकांचे नमुने गोठवून ठेवले जातात, म्हणून उद्या एखाद्या नव्या कृमीची शंका आल्यास १९९२ नंतरच्या जुन्या देहांचे जतन केलेले भाग पुन्हा तपासणे शक्य आहे.